पोट्टीला वरच्या बर्थवर झोपवू का?

आधी पत्र देते, थोडं कापून.

"ताई नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो. डिसेंबरात मुंबईहून गोवा-लक्षद्वीप असं पाच रात्रींचं क्रूझ करायचं चाललंय. मी, मिस्टर, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा (नुकताच चालायला लागला आणि थांबतच नाही) आणि सासू-सासरे. एजंट म्हणतो तुम्ही चौघं एक बाल्कनीवाली केबिन घ्या, आई-बाबांना दुसऱ्या मजल्यावर आतली, बिनखिडकीची केबिन देतो, स्वस्त पडेल. आमच्या केबिनमध्ये दोन बर्थ छतातून खाली येतात म्हणे. मुलगी आत्तापासूनच वरच्या बर्थसाठी उड्या मारून राहिली. मिस्टर म्हणतात बाळाला आपल्या मधात झोपवू, घरी झोपतोच ना. सासूबाई म्हणतात साडीचा झुला बांधू. आणि मला ती बाल्कनी आठवली की रात्री झोप येत नाही. मी उगाच घाबरून राहिली का? – एक आई"

अगं नाही, उगाच नाही. उलट तुमच्या घरात एकटी तूच बरोबर ठिकाणी घाबरून राहिली असं मला वाटतं. बाकी सगळे जेवण काय, शो कुठला, फोटो कुठे काढायचे यात रमलेत, आणि कोण कुठे झोपणार हे तिथं गेल्यावर बघू असं धरून चाललेत. तिथं गेल्यावर काही बघता येत नाही ना! जहाजाची केबिन म्हणजे हॉटेलची रूम नव्हे की जास्तीची गादी मागितली आणि खाली टाकली. पलंग किती, कुठे, कोणत्या उंचीवर हे सगळं बुकिंगच्या दिवशीच ठरून जातं. म्हणून पैसे भरायच्या आधी पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

आता तो वरचा बर्थ. त्याला पुलमन बर्थ म्हणतात, दिवसा छतात नाहीतर भिंतीत घडी होऊन बसतो आणि रात्री स्टुअर्ड, म्हणजे केबिन सांभाळणारा कर्मचारी, येऊन खाली ओढून देतो, शिडी लावून देतो. आपल्या नागपूरकरांच्या डोक्यात वरचा बर्थ म्हटलं की लगेच रेल्वे येते. मुंबईच्या गाडीत पोट्टी वरच्या बर्थवर झोपतातच की, काय होते! माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा मीही असंच म्हटलं होतं. रात्री दोनला, भुसावळच्या आसपास, त्याला सू आली. हाक मारली नाही, अर्ध्या झोपेत सरळ पाय खाली सोडला. खाली आमची बॅग होती म्हणून त्याचा गुडघा फुटण्यावर भागलं. तेव्हा कळलं की वरून लोळून पडणं हा एक भाग झाला, आणि झोपेत असलेलं पोर एकटं शिडी उतरायला निघतं हा दुसरा, आणि हा दुसराच जास्त धोक्याचा. लोळून पडू नये म्हणून कडेला पट्टी किंवा कठडा असतो. शिडी उतरताना काहीच नसतं. त्यात केबिनमध्ये मिट्ट काळोख, पायाखाली जहाज हलतंय, आणि जागा अनोळखी.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाच आहे की सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवायचं नाही. बऱ्याच क्रूझ कंपन्याही हेच सांगतात. तुझी साडेचारची. म्हणजे नाही. "आपली तशी समजूतदार आहे" हे वाक्य प्रत्येक आई म्हणते, पण रात्री दोन वाजता समजूतदारपणाही झोपलेला असतो.

मग तिची समजूत कशी काढायची? पहिल्या दिवशी दुपारी, तू खाली उभी राहून, तिला एकदा वर चढू दे. फोटो काढ, आजीला दाखवू दे, टाटा करू दे. आणि मग स्टुअर्डला सांग की हा बर्थ पाचही रात्री बंदच ठेवा. उघडा ठेवून "झोपायचं नाही हं" म्हणशील तर ती दिवसभर माकडासारखी त्यावर लटकेल, आणि ते चौदा महिन्याचं तिच्या मागं शिडीवर.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न हा विचार: तिसरा आणि चौथा बर्थ कुठला आहे? दोन्ही पुलमन, की एक सोफा-बेड? जहाजाच्या नकाशात, म्हणजे डेक प्लॅनमध्ये, प्रत्येक केबिनपुढे खुणा असतात, कुठल्या केबिनमध्ये सोफा-बेड, कुठल्यात वरचे बर्थ, कुठली केबिन शेजारच्या केबिनला आतून जोडलेली. एजंटला तो नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवायला लाव. त्याच्याकडे असतोच, पाठवायचा कंटाळा करतात. सोफा-बेड खाली असतो, जमिनीजवळ, तिथं साडेचार वर्षांची खुशाल झोपते, पडली तरी वीतभर.

दुसरं एक लक्षात ठेव. एजंट म्हणेल बाळ तर मोजायचंच नाही. मोजतात. तान्हं बाळसुद्धा केबिनच्या माणसांत धरतात, कारण हिशोब पलंगांचा एकट्याचा नसतो, त्या भागातल्या लाइफबोटीत किती माणसं बसतात त्याचाही असतो. कधीकधी केबिनमध्ये जागा दिसते तरी चौथा माणूस देत नाहीत, ते याच्यामुळे. पाळण्यातल्या बाळाचंही नाव, वय, कागदपत्रं बुकिंगच्या वेळीच घातलेली पाहिजेत. (वयाचं तुला टेन्शन नाही. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत आणि सलग बरेच दिवस समुद्रातच असणार असतील तर बारा महिने लागतात. तुझा पास.)

आता बाळाला मधात झोपवायचं. यावर मी तुला परदेशी पुस्तकासारखं रागवणार नाही. आपण सगळे आईच्या कुशीतच वाढलो, आणि आपल्याकडे चौदा महिन्याच्या पोराला वेगळं झोपव म्हटलं तर घरात तीन दिवस अबोला. डॉक्टर लोकांचा सगळ्यात कडक नियम, म्हणजे पाठीवर झोपवा, सपाट कडक गादी, उशी नको, पांघरुणाचा ढीग नको, मोठ्यांच्या पलंगात नको, हा मुख्यतः पहिल्या वर्षासाठी आहे. तो टप्पा गेला. पण घर आणि केबिन यात फरक आहे तो बघ. घरी तुमची गादी बहुतेक खाली असेल किंवा पलंग भिंतीला लागलेला. जहाजात दोन अरुंद पलंग जोडून एक डबल बेड करतात. मधात फट. वरून चादर घातली की दिसत नाही, पण बाळ नेमकं त्या मधातच झोपणार. पलंग भिंतीकडे सरकवलास तर भिंतीकडे फट. आणि पलंग उंच, कारण खाली सुटकेसा सरकवायला जागा ठेवलेली असते. वरून जाडजूड रजई, आणि एसी असा की सगळे डोक्यावरून घेऊन झोपतात.

म्हणून क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा छोटा पलंग, माग. घडीचा असतो, बहुतेक जहाजांवर फुकट देतात, पण मोजके असतात आणि डिसेंबरात सुट्ट्या म्हणजे सगळी लेकुरवाळी मंडळी एकाच जहाजावर. बुकिंगमध्ये लेखी नोंद करून घे, आणि निघायच्या आठवड्यात परत फोन करून विचार. केबिनमध्ये आला की चारही कडा नीट लॉक होतात का दाबून बघ, गादी त्याच्याच मापाची आहे का बघ. मऊ वाटावं म्हणून त्यात उशा, रजया कोंबायच्या नाहीत, घरचं मेणकापड आणि दोन दुपटी पुरे. तुझ्या हाताला लागेल असा तुझ्या बाजूला ठेव, पण दाराच्या वाटेत नको, पडद्याच्या दोरीजवळ नको, आणि वरचा बर्थ उघडलेला असेल तर त्याच्या खालीही नको.

क्रिब उघडला की केबिनमध्ये चालायला जागा उरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाथरूमला जायचं तर एकानं पलंगावर पाय घ्यायचे. त्यामुळे मोठ्या बॅगा नेऊ नका, कपडे मऊ पिशव्यांत न्या, रिकाम्या झाल्या की पलंगाखाली.

आणि निघायच्या आधी पंधरा दिवस घरी सराव कर. ओळखीत कोणाकडे घडीचा क्रिब असेलच, मागून आण. पहिले चार दिवस रडेल, मग झोपेल. जहाजावर पहिल्यांदा प्रयोग करशील तर शेजारच्या केबिनवाल्यांचेही पाच दिवस रडतखडत जातील, भिंती काही जाड नसतात.

सासूबाईंचा झुला. त्यांचं प्रेम कळतं, आणि खरं सांगू, साडीच्या झुल्याइतकी झोप कशातच नाही. पण बांधणार कुठं? छत म्हणजे पत्र्याचं पॅनेल, हुक नाही, आडं नाही. वरच्या बर्थच्या पट्टीला बांधायचं कोणाच्या तरी डोक्यात येणारच, तो बर्थ झोपायला केलाय, झोके घ्यायला नाही. केबिनच्या भिंती लोखंडी असतात म्हणून लोक चुंबकाचे हुक नेतात, ते टोपी, पिशवी, ओला टॉवेल टांगायला झकास. बाळ नाही. झुल्याला ठाम नाही म्हण, आणि थोपटायचं खातं त्यांच्याकडे दे.

आता बाल्कनी, तुझ्या झोपेची खरी वैरी.

माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. चालायला नुकतं लागलेलं एक आणि चढायला शिकलेलं दुसरं, अशी दोन पोरं असताना बाल्कनीचे पैसे देऊन करणार काय? दार तर तू दिवसभर कुलूपबंदच ठेवणार. कठडे काही ठेंगणे नसतात. अमेरिकेनं २०१० साली कायदा करून त्यांच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर कठडा निदान ४२ इंच, म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर, असायला लावला. तुझ्या लेकीची उंची आज जवळपास तेवढीच असेल. म्हणजे नुसती उभी राहिली तर काही होत नाही. पण बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल असतं, आणि खुर्ची कठड्याला सरकवून त्यावर चढणं ही कला पोरांना शिकवावी लागत नाही. बाल्कनीच सोड, २०१९ साली पोर्तो रिकोच्या बंदरात उभ्या जहाजावर दीड वर्षाची मुलगी वरच्या डेकवरच्या उघड्या खिडकीतून पडून गेली. आजोबांनी प्रेमानं उचलून कठड्यावर धरलं होतं, काच आहे असं वाटलं, असं ते म्हणाले. तुला घाबरवायला सांगत नाहीये, घरच्यांना एकदा वाचून दाखव म्हणून सांगते: पोराला उचलून कठड्यावर बसवायचं नाही, उभं करायचं नाही, फोटोसाठीही नाही. हा नियम सासऱ्यांनाही लागू आणि मिस्टरांना तर आधी.

मिस्टर बाल्कनीवर अडूनच बसले तर मग खुर्च्या-टेबल पहिल्या तासातच स्टुअर्डला सांगून काढून न्यायला लाव. दाराचा वरचा लॉक हलवून बघ, नीट बसतो का. आणि पोरं जागी असताना दार उघडायचं तर एका पोरामागे एक मोठं माणूस, हात धरून. पोरं झोपल्यावर दोघं बाल्कनीत चहा घेत बसू हे ऐकायला छान आहे, पण दार सरकवलं की बाहेर वारा आणि लाटांचा आवाज इतका असतो की आत बाळ रडलेलं ऐकू येत नाही.

मी असते तर काय केलं असतं ते सांगते. बाल्कनीचे वाचलेले पैसे घालून दोन कनेक्टिंग केबिन घेतल्या असत्या, न उघडणाऱ्या खिडकीच्या. शब्द नीट धर, 'कनेक्टिंग', म्हणजे दोन केबिनच्या मधात आतून दार. एजंट 'शेजारी-शेजारी देतो' म्हणेल, ते वेगळं. त्यात बाळाला आजीकडे नेताना दर वेळी बाहेरच्या लॉबीत यावं लागतं. आणि दुसऱ्या मजल्यावर आई-बाबा तर अजिबात नको. रात्री बाळाला ताप आला तर तू एकटी त्या लांबलचक लॉबीत, एकसारख्या दारांच्या रांगेत, घर शोधत फिरशील.

कनेक्टिंग मिळाल्या की एका केबिनमध्ये तू, मिस्टर आणि क्रिबमध्ये बाळ. दुसरीत आजी-आजोबा आणि खाली सोफा-बेडवर लेक. सोफा-बेड नसेल तर आजीच्या पलंगावर भिंतीकडून लेक, बाहेरून आजी, आणि भिंतीकडच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवायची. मधलं दार रात्रभर उघडं. बाथरूमचा दिवा सुरू ठेवून दार वीतभर उघडं ठेव, नाहीतर बॅटरीचा छोटा दिवा ने, विशेषतः आतली केबिन मिळाली तर, तिथं सकाळ झालेली पण कळत नाही. आणि कागदावर कोण कुठल्या केबिनमध्ये आहे यापेक्षा झोपायची व्यवस्था वेगळी केली तर रिसेप्शनला सांगून ठेव, कारण संकटाच्या वेळी जमायची जागा केबिनप्रमाणे ठरलेली असते आणि मोजणी त्यावर होते.

केबिनचं बाहेरचं दार. हे कोणी सांगत नाही. आतून नुसता दांडा खाली दाबला की उघडतं, चावी लागत नाही, लागूही नये. साडेचार वर्षांच्या पोरीला ते सहज जमतं. रात्री वरची कडी लावायची, आणि दांड्याला बाळाचे घुंगराचे वाळे बांधून ठेवायचे, कोणी हात लावला की छुमछुम. बॅग आडवी लावून दार बंद करायचा शहाणपणा करू नका, पळायची वेळ आली तर तीच बॅग पायात येते. दार जड असतं आणि आपोआप लागतं, बोटं सांभाळा. माझ्या भाचीचं बोट एका जहाजावर बाथरूमच्या दारात सापडलं होतं, नख गेलं, सहल सगळी बर्फ लावण्यात. बाथरूमला उंबरठाही असतो, आपल्या जुन्या घरांसारखा उंच, नवीन चालणारं पोर तिथं हमखास आपटतं.

सामानात काय नको ते: इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, इंडक्शन, बहुतेक जहाजांवर घेऊन जाऊ देत नाहीत, चढतानाच काढून ठेवतात. बाळाची मऊ खिचडी करायला छोटा कुकर नेऊ म्हणशील तर नको. किचनमध्ये सांगितलं की साधा वरण-भात मऊ करून देतात, पहिल्याच जेवणाला जाऊन वाढप्याशी ओळख करून घे. आणि सासूबाईंना आधीच सांग, निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती काहीही केबिनमध्ये पेटवायचं नाही. जहाजावर आगीसारखी भीती पाण्याचीही नसते. पूजेला बॅटरीचा दिवा चालेल, देव समजून घेईल.

पहिल्या दिवशी सगळे बुफेकडे पळतात, तू तेव्हा स्टुअर्डला पकड आणि दोन लाइफ जॅकेटं माग. आंतरराष्ट्रीय नियमात १५ किलोच्या आतल्यांचं वेगळं आणि १५ ते ४३ किलोवाल्यांचं वेगळं असतं. म्हणजे तुझ्या दोघांची दोन वेगळी मापं, मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही, पोर त्यातून खाली निसटतं. एक दिवस किंवा त्याहून जास्त प्रवासाच्या जहाजानं जितकी तान्ही बाळं चढली तितकी तान्ह्यांची जॅकेटं ठेवायचीच असतात, त्यामुळे संकोच करू नकोस. एकदा घालून बघ, रडू दे. मग संकटात जमण्याची ड्रिल, म्हणजे सराव असतो, ती चुकवायची नाही. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांची ड्रिल झालीच नव्हती, त्यानंतर २०१५ पासून नियम झाला की जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या-निघाल्या ती घ्यायचीच. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा लेकीला खेळ म्हणून पाठ करून दे. तेव्हाच ठरवून टाका, बाळ कोण उचलणार, लेकीचा हात कोण धरणार. आजोबांनी कोणालाही उचलायचं नाही, त्यांनी आजीला सांभाळायचं.

रात्रीचा शो बघायला दोघांना झोपवून जाऊ, जवळच तर आहे, असं मनात येईल. नको. बेबी मॉनिटर लोखंडी भिंतींतून धड चालत नाही. आजी-आजोबा आहेत ना, एक दिवस ते, एक दिवस तुम्ही.

मळमळीचं: केबिन मागताना जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर माग, तिथं डोलणं कमी. डिसेंबरात अरबी समुद्र तसा शांतच असतो. दोन वर्षांखाली बोट सहसा लागत नाही, लेकीला लागू शकते, तिच्यासाठी औषध आपल्या डॉक्टरला विचारूनच, आणि तिची बाटली बाळाला तर चुकूनही द्यायची नाही. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीनं नेतात, तिथंही जॅकेट. आणि डायपरवाल्या बाळाला बहुतेक जहाजांवर पूलमध्ये घेत नाहीत, स्विम डायपर घातला तरी, तेव्हा पोहायच्या फुग्यांचा सेट असेल तर घरीच राहू दे.

उद्या एजंटला फोन कर आणि तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून माग: कनेक्टिंग केबिनचे नंबर, सोफा-बेड आहे की नाही, क्रिबची नोंद. "मॅडम तिथं गेल्यावर बघू" म्हणाला तर नागपुरात एजंट काही एकच नाही.